व्हिडिओ स्टोअरमधे काउंटरवर काम करायचंय? आधी परत आलेलं कव्हर उघडायला शिका

व्हिडिओ स्टोअरमधे, म्हणजे सिनेमे भाड्याने देणाऱ्या दुकानात, नोकरी लागली की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, दिवसभर सिनेमे बघायचे आणि येणाऱ्या जाणाऱ्यांशी सिनेमावर गप्पा मारायच्या. क्वेंटिन टॅरेंटिनो दिग्दर्शक व्हायच्या आधी कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचच्या व्हिडिओ आर्काइव्ह्ज या दुकानात काउंटरला होता हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे तर अजूनच. गप्पा होतात, भरपूर होतात, पण त्याआधी एक काम हातात बसावं लागतं आणि ते म्हणजे परत आलेला माल तपासून घेणं. सिनेमा द्यायला कोणीही चटकन शिकतं, स्कॅन करा, पैसे घ्या, हातात द्या, झालं. कोण किती चांगलं काम करतं ते कळतं रिटर्न घेताना, कारण आज तुम्ही जे न बघता शेल्फवर ठेवलं ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ऐन सिनेमाच्या मध्यावर अडकणार असतं.

तर पहिला नियम, कव्हर उघडल्याशिवाय स्कॅन करायचं नाही. आधी उघडा मग स्कॅन करा, हाच क्रम, कितीही रांग असू दे. एकदा स्कॅन झालं की सिस्टीमच्या दृष्टीने ती डिस्क तुमच्याकडे आली, आणि नंतर कव्हर रिकामं निघालं तर कस्टमरला फोन करून काय सांगणार, तुमच्याच कॉम्प्युटरमधे ती परत आलेली दिसतेय. उघडलं की तीन गोष्टी बघायच्या. आत डिस्क आहे का, ती त्याच सिनेमाची आहे का (आणि दोन डिस्कचा सेट असेल तर दोन्ही आहेत का, दोन्ही वेळा पहिलीच तर नाहीये ना), आणि तिची अवस्था काय आहे. चुकीची डिस्क निघाली तर नव्वद टक्के वेळा बरोबरची डिस्क त्यांच्या घरी प्लेअरच्या ट्रेमधेच असते, हे नव्वद मी माझ्या अंदाजाने म्हणतोय, पण काउंटरवर काम केलेला कोणीही मान डोलावेल. लगेच फोन करा. त्याच दिवशी फोन केला तर डिस्क सापडते, आठवड्याने केला तर तोपर्यंत ती कुठल्यातरी तिसऱ्याच कव्हरमधे गेलेली असते.

डिस्कची तपासणी कशी करायची ते नीट समजून घ्या, कारण सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे बाहेरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या आहेत. तिन्ही १२ सेंटीमीटरच्या, जाडी साधारण १.२ मिलीमीटर. पण सीडीमधला डेटा लेबलच्या बाजूला अगदी वरच्या थरात असतो, म्हणून सीडीला लेबलच्या बाजूने ओरखडा गेला तर ती कायमची गेली. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलीमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि डेटा मधे, त्यामुळे खालच्या बाजूचे हलके ओरखडे पॉलिशिंग मशीनवर निघतात. ब्लू-रेचा डेटा मात्र वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलीमीटर आत असतो, वर एक कडक कोटिंग असतं म्हणून त्याला सहसा ओरखडे पडत नाहीत, पण एकदा खोल ओरखडा पडला की ते दुरुस्त होत नाही आणि डीव्हीडीच्या मशीनवर ब्लू-रे घासायला घेतली तर ते कोटिंगच निघून जातं. नवीन माणसाच्या हातात मशीन देण्याआधी दुकानाने हे सांगायला हवं, नसेल सांगितलं तर तुम्ही स्वतः विचारून घ्या. डीव्हीडीसुद्धा कितीही वेळा घासता येत नाही, दरवेळी थोडं प्लास्टिक जातंच.

पुसताना मऊ मायक्रोफायबर कापड घ्यायचं आणि मधून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल फिरवून पुसायचं नाही. कारण साधं आहे, डेटा गोल फिरणाऱ्या ओळीत लिहिलेला असतो, कापडाखाली एखादा धुळीचा कण आला आणि आडवा ओरखडा पडला तर लेझर त्याला चटकन ओलांडून जातो आणि मधला हरवलेला थोडा डेटा प्लेअर सावरून घेतो, पण ओळीच्या दिशेनेच ओरखडा पडला तर सलग बराच डेटा जातो आणि तिथे प्लेअर हात टेकतो. टिश्यू पेपर, शर्टाची बाही, टूथपेस्ट यातलं काहीही नको. बोटांचे तेलकट डाग कापड पाण्याने हलकं ओलं करून जातात.

आणि मधला गोल भाग बघायला विसरू नका. लोक डिस्क कव्हरमधून काढताना मधलं बटण न दाबता कडेने खेचतात, वाकवतात, त्याने भोकाजवळ बारीक तडे जातात. असा तडा गेलेली डिस्क परत द्यायची नाही, प्लेअरमधे ती खूप जोरात फिरते आणि आतच तुटू शकते. स्टिकरचंही तेच, डिस्कवर एका बाजूला चौकोनी स्टिकर चिकटवला की तोल जातो आणि ती थरथरते, त्यामुळे दुकानाचं नाव नंबर जे काही लावायचं ते भोकाभोवतीच्या गोल रिंगच्या स्टिकरवर.

तुमच्या दुकानात अजून व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट, असतील तर त्याचा वेगळा अभ्यास आहे. जेव्हीसी या जपानी कंपनीने व्हीएचएस १९७६ मधे आणलं म्हणजे जुन्यातल्या जुन्या टेपांचं वय आता किती झालं ते बघा, आणि प्रत्येक टेप जुनी आहे हे मनात ठेवूनच ती हातात घ्यायची. लेबल वर आणि उघडणारं झाकण पलीकडे ठेवून बघितलं की सगळी टेप डाव्या रिळावर असली पाहिजे, म्हणजे ती रिवाइंड झालेली आहे. नसेल तर वेगळ्या रिवाइंडर मशीनवर करा, व्हीसीआरमधे दिवसभर टेपा रिवाइंड करत बसलात तर व्हीसीआर उगाच झिजतो. मग बाजूचं छोटं बटण दाबून पुढचं झाकण उघडा आणि टेपला सुरकुती किंवा घडी पडलीये का ते बघा. पाठीमागच्या कडेला रेकॉर्डिंगची टॅब (प्लास्टिकचा छोटा तुकडा, तो नसला की टेपवर रेकॉर्ड होत नाही) तोडलेली असते, त्या भोकावर कोणी चिकटपट्टी लावलेली दिसली तर ती टेप पूर्ण बघितल्याशिवाय शेल्फवर जाता कामा नये, कारण चिकटपट्टी लावली की तिच्यावर परत रेकॉर्ड करता येतं आणि सिनेमाच्या मधेच कोणाच्या तरी घरातला टीव्ही कार्यक्रम सुरू झालेला सापडू शकतो. खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, अशी टेप कुठल्याही मशीनमधे घालायची नाही, पिशवीत बंद करून वेगळी ठेवायची. एका बुरशीच्या टेपने हेड, म्हणजे मशीनमधला टेप वाचणारा भाग, घाण होतो आणि मग त्या मशीनमधे जाणारी प्रत्येक टेप बिघडत जाते. बाहेर खूप थंडी असेल आणि ड्रॉप बॉक्समधून (परत करायचा माल टाकायची पेटी) टेपा गारठलेल्या निघाल्या तर त्या थोडा वेळ दुकानाच्या तापमानाला येऊ द्या मग लावा, नाहीतर आत दव धरतं आणि टेप मशीनमधल्या फिरत्या ड्रमला चिकटते.

ड्रॉप बॉक्सवरून आठवलं, सकाळचं पहिलं काम तेच. बहुतेक दुकानात बंद झाल्यानंतर ते सकाळी उघडेपर्यंत पडलेला माल आदल्या दिवसाचा धरतात, मग सिस्टीममधे तारीख मागची लावून ते स्कॅन करायला लागतं आणि हे सगळं पहिला कस्टमर आत यायच्या आधी. उघडल्यावर ड्रॉप बॉक्समधे आजचा माल पडायला लागतो आणि कालचा आजचा एकत्र झाला की ज्यांनी वेळेत परत केलं त्यांच्या नावावर लेट फी चढते. एकदा का एखाद्या माणसाला विनाकारण लेट फी लागली की तो पुढची कित्येक वर्षं ते बोलून दाखवतो आणि त्याचं बरोबरच असतं.

लेट फीचा विषय निघालाच आहे तर, हा या नोकरीतला सगळ्यात अवघड भाग. समोरचा म्हणतो मी परत केली, सिस्टीम म्हणते नाही केली. अशा वेळी लगेच वाद घालायचा नाही, आधी शेल्फवर जाऊन बघायचं. खरंच जाऊन बघायचं, बघितल्यासारखं करायचं नाही. त्या सिनेमाच्या जागेवर, आजूबाजूला, त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या कव्हरमधे, आणि त्या माणसाने त्याच दिवशी जे बाकीचे सिनेमे परत केले त्यांच्या कव्हरमधे. बऱ्याच वेळा सापडते आणि सापडली की सरळ माफी मागून फी काढून टाका, कारण न स्कॅन करता शेल्फवर ठेवणारा आपल्यातलाच कोणीतरी असतो. नाही सापडली तर त्यांना प्लेअरचा ट्रे, गाडीतली सीट, मुलांची बॅग बघायला सांगा आणि तोपर्यंत अकाउंटवर नोंद करून ठेवा, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या माणसासमोर त्यांना पहिल्यापासून कहाणी सांगायला लागत नाही. फी माफ करायचा अधिकार तुम्हाला किती आहे हे पहिल्याच दिवशी मॅनेजरला विचारून ठेवा. आणि फी घेताना आवाज खाली. मागे रांगेत शेजारी असतो, सासूबाई असतात, ऑफिसमधला कोणी असतो, तुम्ही सिनेमाचं नाव मोठ्याने घ्यायची काही गरज नाही, स्क्रीन थोडी त्यांच्याकडे वळवली तरी पुरतं.

कोणी काय बघितलं हे कोणालाही सांगायचं नाही, यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण नवीन मुलं हे हलक्यात घेतात. अमेरिकेत १९८७ मधे रॉबर्ट बॉर्क यांना सुप्रीम कोर्टासाठी नेमायची चर्चा चालू असताना एका वॉशिंग्टनच्या साप्ताहिकाने त्यांच्या कुटुंबाने रेंटवर नेलेल्या १४६ सिनेमांची यादी मिळवली आणि त्यावर लेख छापला. यादी दुकानातूनच बाहेर आली होती. यादीत आक्षेप घ्यावं असं काहीच नव्हतं, अगदी साधे सिनेमे, पण लोक हादरले की हे असं बाहेर येऊ शकतं आणि १९८८ मधे तिथे रेंटच्या नोंदी गुप्त ठेवायचा कायदाच झाला. तुमच्याकडे असा कायदा असो नसो, काउंटरवर वागायचं तसंच. नवरा बायको एकाच अकाउंटवर असले तरी एकाने काय नेलं ते दुसऱ्याला आपणहून सांगायचं नाही. फोनवर निरोप ठेवताना "तुम्ही राखून ठेवायला सांगितलेलं आलंय" एवढंच, नाव नाही. "अरे हा तर तुम्ही मागच्या महिन्यात नेला होता" हे वाक्य चांगल्या हेतूनेसुद्धा चारचौघात नको, हळू आवाजात विचारा की हा बघितलेला तर नाहीये ना. दुकानात मोठ्यांच्या सिनेमांचा वेगळा विभाग असेल तर तिथून आलेल्या माणसाशी तुमचा चेहरा आणि आवाज बाकीच्यांशी असतो तसाच हवा.

वयाचे नियम देशादेशात वेगळे आहेत. ब्रिटनमधे १९८४ च्या कायद्यापासून व्हिडिओवर वयाचं सर्टिफिकेट लागतं आणि १८ चा सिनेमा लहान मुलाला दिला तर तो गुन्हा आहे, तर अमेरिकेत रेटिंग ही कायद्याची नाही, इंडस्ट्रीची आणि दुकानाची पॉलिसी असते. तुमच्याकडचा नियम पाठ करा. मुलगा ओळखीचा असला तरी वय विचारा आणि आईवडिलांनी अकाउंटवर काही मर्यादा लिहून ठेवल्या असतील तर त्याच अंतिम.

शेल्फ लावणं लोकांना कंटाळवाणं वाटतं, मला ते या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी काम वाटतं कारण हात शेल्फवर फिरतो तेव्हाच स्टॉक डोक्यात बसतो. इंग्रजी नावातला सुरुवातीचा द किंवा अ धरायचा नाही, पुढच्या शब्दावरून लावायचं. मालिकेतले भाग अक्षरावरून नाही तर क्रमाने. परदेशी सिनेमाला दोन नावं असतात, मूळ आणि भाषांतरित, दुकानाने कुठलं धरलंय ते एकदा ठरलं की सगळ्यांनी तेच धरायचं, दोन जणांनी दोन ठिकाणी लावलं तर तो सिनेमा हरवल्यातच जमा. बऱ्याच दुकानात शेल्फवर फक्त रिकामी कव्हरं असतात आणि डिस्क काउंटरच्या मागे नंबरने लावलेल्या असतात, चोरीला आळा बसतो हे त्याचं कारण. तिथे नंबर चुकवून डिस्क ठेवली की ती शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, त्यामुळे शांत वेळेत रोज एक खण घ्या आणि नंबर नुसते वाचत जा.

गर्दीच्या संध्याकाळी क्रम बदलतो. परत आलेल्या मालातले नवीन सिनेमे आधी तपासायचे आणि आधी लावायचे, लोक त्यासाठीच घुटमळत असतात. कोणाचं रिझर्वेशन असेल तर त्याला फोन आधी, समोर उभा असलेला कितीही गोड बोलला तरी.

आता सिनेमा सुचवण्याबद्दल. "तुम्हाला कुठल्या प्रकारचे सिनेमे आवडतात" हा प्रश्न निरुपयोगी आहे, सगळे म्हणतात की काहीही चालेल. त्यापेक्षा विचारा, शेवटचा खूप आवडलेला सिनेमा कुठला आणि त्यात काय आवडलं. एकाच थ्रिलरमधे एकाला रहस्य आवडलेलं असतं, दुसऱ्याला ती बर्फाळ जागा, तिसऱ्याला दोन म्हाताऱ्या पोलिसांची मैत्री, आणि तिघांना द्यायचे सिनेमे पूर्ण वेगळे. मग विचारा घरी कोण कोण बघणारे, सबटायटल वाचायची तयारी आहे का आणि किती वाजता बसणार, थकून आलेल्या माणसाला रात्री दहाला तीन तासांचा सिनेमा दिला तर कितीही महान असला तरी तो झोपणार आणि तुमच्यावरचा विश्वास जाणार. दोन किंवा तीनच सिनेमे हातात द्या, दहा दिले तर तो काहीच न घेता जातो. शेवट सांगू नका, अर्धवट इशारासुद्धा नको. तुम्हाला न आवडलेला सिनेमा कोणी आनंदाने काउंटरवर आणला तर आनंदाने द्या, विचारलं तरच मत सांगा. स्वतः बघितलेला नसेल तर तसं स्पष्ट म्हणा, आणि ज्या कस्टमरने तो परत केला त्याने काय सांगितलं ते त्याचं नाव न घेता सांगा. इथेच रिटर्नचं काम कामी येतं, डिस्क तपासता तपासता "कसा वाटला" एवढं विचारलं की महिनाभरात दुकानातल्या अर्ध्या स्टॉकबद्दल तुमच्याकडे खऱ्या प्रेक्षकांची मतं जमा होतात, एकट्याने बघून एवढं कधीच होत नाही.

नाव न आठवणारे लोक रोज येतात. "एक माणूस असतो, ट्रेन असते, त्याची बायको बहुतेक मरते." त्यांना नाव विचारत बसू नका. रंगीत होता की ब्लॅक अँड व्हाईट, थिएटरला बघितला की टीव्हीवर, तेव्हा तुम्ही शाळेत होता की नोकरीला, त्यातला नट दुसऱ्या कशात बघितलाय का. साल आणि नट यातलं एक मिळालं की बहुतेक वेळा सापडतो. आणि सापडल्यावर त्या माणसाचा चेहरा बघायला मला अजूनही मनापासून आवडतं.

देताना एक गोष्ट न चुकता विचारायची, तुमच्याकडे प्लेअर कुठला आहे. डीव्हीडी ब्लू-रे प्लेअरवर चालते पण उलट होत नाही, आणि फोर-के डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीचे जगभरात सहा प्रादेशिक विभाग आहेत, ब्लू-रेचे तीन, ए बी आणि सी, आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही, त्यामुळे बाहेरून मागवलेली डिस्क असेल तर कव्हरच्या मागचं चिन्ह बघून सांगा. डिस्क चालत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींमधे डिस्क खराब नसून हेच निघतं असं खूपदा होतं.

दुकानातल्या टीव्हीवर काय लावता तेही कामाचाच भाग आहे, जे लावाल ते लोक मागतात, तर ज्याच्या प्रती शेल्फवर आहेत असंच काहीतरी लावा आणि लहान मुलं आत असतील तर शिव्या आणि रक्त नको.

ही सगळी काळजी आता जास्तच घ्यायला लागते कारण अशी दुकानं थोडी राहिलीत. ब्लॉकबस्टर या एकेकाळच्या मोठ्या व्हिडिओ दुकानांच्या साखळीचं जगातलं शेवटचं दुकान २०१९ पासून ओरेगॉनमधल्या बेंडचं आहे, नेटफ्लिक्सनेही पोस्टाने डीव्हीडी पाठवणं सप्टेंबर २०२३ ला बंद केलं. दुसरीकडे सिअ‍ॅटलचं स्केअरक्रो व्हिडिओ २०१४ पासून ना-नफा संस्था म्हणून चालतंय आणि लॉस एंजेलिसचं व्हिडियट्स २०२३ मधे परत उघडलं. या दुकानांमधे असे सिनेमे आहेत जे कुठल्याही स्ट्रीमिंगवर नाहीत आणि त्यांच्या डिस्क निघणंही बंद झालंय, म्हणजे तुमच्या हातातली प्रत फुटली तर बदली प्रत मिळेलच असं नाही. अशा प्रतींसाठी दुकान डिपॉझिट घेत असेल तर ते का घेतो हे कस्टमरला दोन वाक्यात समजावून सांगा, लोक ऐकतात.

शिफ्ट संपताना गल्ला मोजा, रिटर्नची गाडी रिकामी करा आणि वही लिहा. वहीत काय लिहायचं, तर कुठली डिस्क कोणाकडे प्लेअरमधे राहिलीये आणि ते कधी आणणारेत, कोणाच्या लेट फीचा निकाल लागायचाय, कुठली प्रत पॉलिशला काढलीये, रिझर्वेशनमधे कोणाला फोन झाला आणि कोणाला नाही. फोन लागला नाही तर तेही लिहा, वेळ टाकून, म्हणजे सकाळी येणारा माणूस तिथूनच पुढे धरेल.